१८६९चे रेड स्टॉकिंग्ज म्हणजे आजचे रेड्स नव्हेत

बेसबॉलवरच्या क्विझमध्ये आणि ‘तुम्हाला माहीत आहे का?’ छापाच्या पोस्टमध्ये एक विधान हमखास सापडतं: अमेरिकेतला सिनसिनॅटी रेड्स हा पहिला व्यावसायिक बेसबॉल संघ, तो १८६९पासून अखंड खेळतोय, आणि त्यातलेच काही खेळाडू बोस्टनला गेले म्हणून आजचा रेड सॉक्स संघ जन्माला आला. हे विधान दुरुस्त केलंच पाहिजे, कारण त्यापायी काही क्लबांचा खरा इतिहास पुसला जातो.

आधी ‘अखंड’चं बघू. १८६९चा सिनसिनॅटी रेड स्टॉकिंग्ज हा संघ थोर होता, यात वाद नाही. तो बांधणारा हॅरी राइट इंग्लंडमध्ये जन्मलेला, व्यावसायिक क्रिकेटपटूचा मुलगा. सिनसिनॅटीला तो आला तोही युनियन क्रिकेट क्लबचा पगारी खेळाडू म्हणून. बेसबॉलमध्ये त्याने सगळा संघ उघडपणे पगारावर ठेवला. त्याचा धाकटा भाऊ जॉर्ज शॉर्टस्टॉप या क्षेत्ररक्षणाच्या जागी खेळायचा आणि त्याला सर्वाधिक, म्हणजे मोसमाचे १,४०० डॉलर मिळत. त्या वर्षाचा अधिकृत हिशेब ५७ विजय, हार शून्य. १४ जून १८७० रोजी ब्रुकलिनच्या अटलांटिक्सनी ११ डावांच्या सामन्यात ८-७ असं हरवलं तेव्हा ही मालिका तुटली. त्यानंतर प्रेक्षक ओसरले, खेळाडूंच्या पगाराच्या अपेक्षा मात्र वाढतच गेल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये क्लबने जाहीर केलं, की पुढच्या मोसमात कुणालाही पैसे देऊन खेळवायचं नाही. व्यावसायिक संघ तिथेच संपला. १८७१ ते १८७५ या काळात देशातली मोठी लीग म्हणजे नॅशनल असोसिएशन. तिच्यात सिनसिनॅटीचा एकही संघ नव्हता.

१८७६मध्ये नॅशनल लीग सुरू झाली आणि सिनसिनॅटीत नवा क्लब उभा राहिला. माणसं वेगळी, पैसा वेगळा, नाव तेवढं जुनं. १८७७च्या मोसमात मध्येच मालकाने संघ मोडला आणि दुसऱ्यांनी तो सावरून घेतला. मग १८८०च्या अखेरीस लीगने त्याला थेट बाहेर काढलं. कारण काय? मैदानावर बिअर विकणार नाही आणि रविवारी मैदान भाड्याने देणार नाही, असं लिहून द्यायला क्लबने नकार दिला. जर्मन वस्तीच्या त्या शहरात रविवारची दुपार आणि बिअर हा साधा नित्यक्रम होता. नियम शहराच्या अंगवळणी पडणारा नव्हता आणि क्लब वाकला नाही. या हकालपट्टीतूनच पुढची मोठी गोष्ट घडली. नोव्हेंबर १८८१मध्ये सिनसिनॅटीतच बैठक होऊन अमेरिकन असोसिएशन ही प्रतिस्पर्धी लीग जन्माला आली. तिकीट नॅशनल लीगच्या निम्मं, २५ सेंट. रविवारी सामने आणि मद्यविक्री क्लबांच्या मर्जीवर. १८८२मध्ये तिच्यात खेळायला सिनसिनॅटीचा तिसरा क्लब उतरला आणि पहिल्याच वर्षी विजेता झाला. तोच १८९०मध्ये नॅशनल लीगमध्ये गेला. आजचे रेड्स ते हे. ‘१८६९पासून’ म्हणताना बिअरवरून लीगशी भांडलेला मधला क्लब गायबच होतो, आणि मला तर या सगळ्या कथेत तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

हैदराबादचं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. डेक्कन चार्जर्सची फ्रँचायझी २०१२मध्ये रद्द झाली, नव्या मालकांनी सनरायझर्स उभा केला, आणि २००९चं विजेतेपद कोणी सनरायझर्सच्या खात्यात लिहीत नाही.

गोंधळ वाढण्याचं एक कारण अलीकडचंही आहे. २०१९मध्ये मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेच्या सगळ्या संघांनी गणवेशावर ‘१५०’चं चिन्ह लावलं होतं. ते व्यावसायिक बेसबॉलच्या दीडशे वर्षांचं होतं, रेड्सच्या नव्हे.

‘पहिला व्यावसायिक संघ’ यावर थोडक्यात एवढंच, की पैसे घेऊन खेळणारे आधीही होते. उघडपणे संपूर्ण संघ पगारी असणं, ही १८६९ची नवलाई.

आता बोस्टन. जानेवारी १८७१मध्ये तिथे नवा क्लब स्थापन झाला आणि त्याने हॅरी राइटला बोलावलं. हॅरीने जॉर्ज, चार्ली गूल्ड आणि कॅल मॅकव्ही यांना सोबत नेलं. लाल मोजे आणि ‘रेड स्टॉकिंग्ज’ हे नावही नेलं. बाकीचे पाच नियमित खेळाडू वॉशिंग्टनच्या ‘ऑलिंपिक्स’ नावाच्या संघाकडे गेले. बोस्टनने १८७२ ते १८७५ अशी सलग चार विजेतेपदं घेतली. १८७६मध्ये सिनसिनॅटीच्या नव्या क्लबने जुनं नाव उचललं, तसे बोस्टनवाले ‘रेड कॅप्स’ झाले. पुढे बीनईटर्स, मग डव्ही बंधू मालक झाल्यावर डव्ह्ज, रसेल मालक असताना रस्टलर्स, १९१२मध्ये ब्रेव्ह्ज, १९३६ ते १९४० बीज, पुन्हा ब्रेव्ह्ज. यांतली बरीच नावं वृत्तपत्रांनी रुळवलेली होती. नाव पालटलं म्हणून क्लब पालटत नव्हता. १९५३मध्ये हा क्लब मिलवॉकीला आणि १९६६मध्ये अटलांटाला गेला. म्हणजे हॅरी राइटच्या बोस्टन क्लबचा वारस आहे अटलांटा ब्रेव्ह्ज.

रेड सॉक्सचा त्याच्याशी वंशाचा संबंधच नाही. तो १९०१चा, अमेरिकन लीग या नॅशनल लीगच्या प्रतिस्पर्धी लीगचा, म्हणजे बोस्टनच्या जुन्या क्लबच्या प्रतिस्पर्ध्यांचा संघ. जुन्या क्लबने १९०७मध्ये लाल मोजे सोडायचं ठरवलं आणि डिसेंबरमध्ये या संघाचे मालक जॉन टेलर यांनी तो रंग उचलला. शिकागोतही असंच झालं: जुन्या व्हाइट स्टॉकिंग्जचे कब्स झाले आणि मोकळं झालेलं नाव अमेरिकन लीगच्या संघाने घेतलं, तो आजचा व्हाइट सॉक्स.

‘गाव तेच, नाव तेच, मग संघही तोच’ हा युक्तिवाद बाल्टिमोरमध्ये तर पार कोसळतो. तिथला ओरिओल्स नावाचा एक संघ १८९९नंतर नॅशनल लीगने वगळला. १९०१च्या दुसऱ्या ओरिओल्सची जागा १९०३मध्ये न्यू यॉर्कला मिळाली. आजचा ओरिओल्स १९०१मध्ये मिलवॉकीत सुरू झाला, सेंट लुइसमध्ये ब्राउन्स म्हणून खेळला आणि १९५४मध्ये बाल्टिमोरला आला.

सर्वांत जुना क्लब कोणता, यावर खरा वाद अटलांटा आणि शिकागो कब्स यांच्यातच होऊ शकतो. शिकागोचा क्लब १८७०चा, आणि तो आजही त्याच शहरात आहे. पण ऑक्टोबर १८७१च्या भीषण आगीत त्याचं मैदान आणि सामान जळालं, आणि १८७२ व १८७३ या दोन मोसमांत तो उतरलाच नाही. ब्रेव्ह्जनी १८७१पासून एकही मोसम चुकवलेला नाही. रेड्सचं वर्ष १८८२, म्हणून या वादात ते बसत नाहीत.