टूथपेस्टनं गाडीचा चरा जात नाही

"टूथपेस्ट लावा, फडक्यानं दहा मिनिटं घासा, कसलाही चरा गायब! गॅरेजचे पैसे वाचवा." हा मेसेज सांगलीत सगळ्यांच्या मोबाईलवर फिरतोय. उसाचा हंगाम सुरू झाला की भरलेल्या ट्रॉलीला ओव्हरटेक करताना गाडी घासतेच, त्यामुळं आपल्याकडं तो पटकन पटतो. पण तो चुकीचा आहे आणि त्यानं नुकसान होतं.

आधी "कसलाही चरा" हे बघू. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकर. हा लॅकरचा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. चऱ्यावर नख आडवं फिरवा. अडकलं नाही तर चरा वरवरचा आहे, घासून जाईल. अडकलं तर तो खोल गेलाय. तिथला गेलेला रंग घासून परत कसा येणार?

"टूथपेस्टनं काही बिघडत नाही," असंही त्यात लिहिलंय. टूथपेस्टमध्ये खडूसारखी किंवा सिलिकाची बारीक पूड असते, म्हणून पुसट रेघ कधीकधी जाते, हे मान्य. पण ती जाते म्हणजे आजूबाजूचं लॅकर झिजतं. आमच्या शेजाऱ्यांनी काळ्या गाडीचं दार असंच घासलं, तेही धूळ न धुता. आता उन्हात तिथं ताटलीएवढा धुरकट डाग दिसतो आणि मधोमध चरा जसाच्या तसा. मला फार वाईट वाटलं, कारण गाडी जेमतेम वर्षाची होती.

चऱ्यावर खोबरेल तेल चोळायचा उपायही काही जण सांगतात, त्याचं तर सोडाच. तेल चऱ्यात भरतं, म्हणून तो दिसत नाही. शाम्पूनं गाडी धुतली की पुन्हा हजर.

वरवरच्या चऱ्याला गाडी धुऊन, वाळवून, रबिंग कंपाउंड (गाडीचा रंग घासून चकचकीत करायची पेस्ट) मऊ मायक्रोफायबरच्या फडक्यावर घेऊन हलक्या हातानं लावा. खोल चऱ्याला टच-अप रंग. त्याचा कोड बहुतेक गाड्यांत दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली असतो. तो बघूनच रंग घ्या. पांढऱ्यातही कितीतरी छटा असतात. एकदम जाड थेंब सोडू नका. बारीक ब्रशनं पातळ हात द्या, वाळू द्या, मग दुसरा.

चरा प्लॅस्टिकच्या बंपरवर असेल तर निवांत करा, तिथं गंज धरत नाही. पण दारावर उघडा पत्रा चमकत असेल तर पाऊस सुरू व्हायच्या आत रंग लावा. एकदा गंज रंगाखाली शिरला की पत्रा घासून, प्रायमर मारून सगळं दारच रंगवावं लागतं.