गाडी बैलाची, पण कारण गरिबीचं नव्हे

भाचीने विज्ञान प्रदर्शनासाठी पुठ्ठ्यावर दोन जुने फोटो चिकटवले होते. एकात बैलगाडीवर ठेवलेला उपग्रह, दुसऱ्यात सायकलच्या कॅरियरवर रॉकेटचं टोक. खाली मोबाईलवरून उतरवलेल्या ओळी: ‘इस्रोकडे ट्रकला पैसे नव्हते, म्हणून भारताचा पहिला उपग्रह बैलगाडीतून उड्डाणाला नेला. आणि हे १९६३ चं पहिलं स्वदेशी रॉकेट, सायकलवरून.’ पंधरा ऑगस्ट जवळ आला की खानापूरपासून निपाणीपर्यंत आपल्या सगळ्या ग्रुपांवर हा मजकूर फिरतो. फोटो खरे आहेत. ओळी खोट्या आहेत, आणि मला त्या सहन होत नाहीत.

‘पहिला उपग्रह’ हेच चूक. पहिला आर्यभट्ट, १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत संघातून सुटलेला. गाडीवर दिसतो तो ‘ॲपल’, दळणवळणाचा प्रायोगिक उपग्रह. तो १९ जून १९८१ रोजी दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधून, युरोपच्या एरियान रॉकेटवरून गेला. गाडीचा त्या प्रवासाशी संबंधच नाही.

मग गाडी कशाला? अँटेनाच्या चाचणीला. उपग्रहाची अँटेना रेडिओ लहरी कुठल्या दिशेला किती सोडते, हे उघड्या मैदानात मोजायचं होतं. खाली ट्रकचा लोखंडी सांगाडा असला तर लहरी त्याच्यावर आपटून परततात आणि मोजमाप बिघडतं. पत्र्याच्या शेडमध्ये शिरल्यावर आपल्या मोबाईलची रेंज जाते, तेही पत्रा लहरी अडवतो म्हणूनच. गाडीचा साटा, म्हणजे वर सामान ठेवतात तो भाग, लाकडाचा. म्हणून गाडी.

हे सांगत होतो तेव्हा आप्पा मध्येच म्हणाले, “अरे, गाडीलाबी लोखंड असतंय की. धाव लोखंडाची, आख लोखंडाचा.” जन्मभर गाडी हाकलेल्या माणसाचा प्रश्न, आणि अगदी बरोबर. पण ते लोखंड थोडं आणि साट्याच्या खाली असतं. अँटेनाच्या अगदी लगत धातूचा मोठा पसरट भाग असणं वेगळं. आप्पांना ते लगेच पटलं.

सायकलच्या फोटोची गोष्ट निराळी, तिथं तुटवडा खरा होता. तो फोटो हेन्री कार्तिये-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने १९६६ मध्ये केरळात थुंब्याला काढलेला. तिथल्या रॉकेट केंद्रात जीप एकच, आणि ती दुसऱ्या कामात अडकलेली. कॅरियरवर अख्खं रॉकेट नाही, फक्त टोक आहे. शेजारी कलाम आहेत असंही काहीजण लिहितात, ते नाहीत. आणि १९६३ चं म्हणाल, तर २१ नोव्हेंबरला थुंब्याहून उडालेलं पहिलं रॉकेट अमेरिकन होतं, नायके-अपाचे. आपण बनवलेलं पहिलं, आरएच-७५, उडालं २० नोव्हेंबर १९६७ ला.

‘ॲपल’ वर गेल्यावर त्याचं एक सौर पंख उघडलंच नाही. तरी तो दोन वर्षांहून अधिक चालला. औद्योगिक शेडमध्ये, दोनेक वर्षांत बांधलेला उपग्रह! ज्यांनी विचार करून लाकडाची गाडी निवडली, त्यांच्या नावावर लाचारी का लिहायची?

भाचीने जुन्या ओळींवर पांढरा कागद चिकटवला आणि नवं लिहिलं: ‘ॲपल उपग्रहाची अँटेना-चाचणी. गाडी लाकडी आहे, म्हणून निवडली.’ साट्याकडे बाण काढायला तिला आप्पांनी सांगितलं.