इन्सासची गोळी म्हणे ‘फक्त जखमी करायला’ बनवली!

नागपूरच्या अंबाझरी तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्यांचा आमचा ग्रुप आहे. त्यावर दर पंधरा ऑगस्टच्या आगेमागे एक मेसेज हमखास पडतो. म्हणणं असं: आपल्या सेनेच्या इन्सास रायफलची ५.५६ मिलिमीटरची गोळी मुद्दामच माणूस मरू नये अशी बनवली आहे, कारण एक जखमी झाला की त्याला उचलायला दोघं लागतात, म्हणजे एका गोळीत तिघं गारद. आंतरराष्ट्रीय कायद्यालाही तेच हवं आहे. ती हवेत कोलांट्या खात जाते. आणि शेवटी सेनेने ती सोडून माणूस उडवणारी ७.६२ मिलिमीटरची परत आणली. खाली पुस्ती, ‘आपल्या अंबाझरीच्या फॅक्टरीतच बनते!’

पुस्ती आधी निकालात काढतो. अंबाझरीत तोफगोळ्यांची कवचं होतात. रायफलची काडतुसं होतात ती भुसावळजवळ, वरणगावला.

आता ‘जखमीच करायचं’ हे. या गोळीचा जन्म अमेरिकेतला, १९५७ च्या सुमाराचा. तेव्हा तिथल्या लष्कराने घातलेली एक अट अशी की ५०० यार्डांवरून गोळीने पोलादी हेल्मेट भेदलं पाहिजे. नुसतं जखमी करायचं, तर डोक्यावरचं हेल्मेट कशाला फोडता? खरं कारण ओझ्याचं. इन्सासच्या आधीची सेनेची रायफल म्हणजे एसएलआर, तिचं ७.६२ चं काडतूस साधारण २४ ग्रॅमचं, ५.५६ चं १२. तेवढ्याच वजनात दुप्पट गोळ्या, वर खांद्याला धक्का कमी. शिवाय जखमी शत्रूच्या हातातही बंदूक असतेच. त्याने ती खाली ठेवून स्ट्रेचरची वाट बघावी, ही अपेक्षा फॉरवर्ड करणाऱ्याचीच असू शकते.

कायद्याचं एका ओळीत: १८९९ च्या हेगच्या घोषणेने शरीरात सहज फुलणाऱ्या, चपट्या होणाऱ्या गोळ्यांवर बंदी घातली, लहान गोळी वापरा असं कुठेच म्हटलेलं नाही.

कोलांट्यांचं मात्र अर्धं खरं आहे, म्हणूनच ते टिकलं. कामठीच्या लष्करी छावणीतून रिटायर झालेल्या आमच्या हवालदारकाकांनी इन्सासने मारलेला एक टार्गेटचा कागद जपून ठेवलाय. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. भोकं सगळी वाटोळी, पंचिंग मशिनने पाडल्यासारखी. “आडवी लागली असती त भोक लांबुळकं पडलं असतं ना भाऊ,” काका म्हणाले. हवेत गोळी स्वतःभोवती गरगर फिरते आणि त्यामुळेच सरळ राहते. पण मांस हवेपेक्षा शेकडो पटींनी दाट. तिथे ती फिरकी पुरत नाही, मागची जड बाजू पुढे येऊ बघते आणि गोळी आडवी होते. मार्टिन फॅकलर या अमेरिकी लष्करी सर्जनने १९८० च्या दशकात जिलेटिनच्या ठोकळ्यांत गोळ्या मारून हे दाखवलं. जुनी अमेरिकी ५.५६ सुमारे १२ सेंटीमीटर आत गेल्यावर आडवी झाली आणि वेग भरपूर असला तर तिचे तुकडे झाले. जखम मोठी होते ती या तुकड्यांमुळे.

राहिला ‘माणूस उडवणारी’ ७.६२. साडेनऊ ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला ८४० मीटर. सत्तर किलोच्या माणसात ती पूर्ण अडकली तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम ११ सेंटीमीटर. झाडणाऱ्याच्या खांद्यालाही निदान तेवढाच धक्का बसतो, तो कुठे उडतो? माणूस तत्क्षणी कोसळतो तो मेंदूला किंवा मणक्याच्या वरच्या भागाला लागलं तर. हृदय फुटलं तरी मेंदूत १०-१५ सेकंद पुरेल इतका प्राणवायू असतो, आणि तेवढ्या वेळात तो ट्रिगर दाबू शकतो.

एवढं मात्र मान्य करायला हवं, की ५.५६ ची सगळी मदार वेगावर. लांबवर वेग उतरला की ती न तुटता बारीक भोक पाडून आरपार जाऊ शकते. आखूड नळीच्या बंदुकीतून वेग मुळातच कमी मिळतो, तिथे ही तक्रार आणखी जवळच्या अंतरावर सुरू होते. १९९३ मध्ये सोमालियातल्या मोगादिशूत लढलेल्या अमेरिकी सैनिकांनीही ती केली होती.

आपल्या सेनेने २०१९ मध्ये सिग कंपनीच्या ७.६२ च्या रायफली मागवल्या, हेही खरं. काकांना हे सांगितलं तर त्यांनी आधी विचारलं, “मॅगझिनमध्ये गोळ्या किती?” वीस म्हटल्यावर ते हसले. “म्हणजे पोरांच्या पाठीवर पुन्हा एसएलआरचं ओझं आलं.”