ड्रायव्हर सीट नऊ दिवसांत परत अडकली, या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचं म्हणणं असं: सीट पुढं-मागं होईना म्हणून गाडी आमच्याकडं लावली, आम्ही स्विच बदलून ३,८०० रुपये घेतले, नऊ दिवसांत पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला दिवसभर गाडी अडकवली, अर्थिंग खराब म्हणून आणखी १,१०० घेतले, वर ‘पुरातली गाडी’ म्हणून नावं ठेवली.

स्विचचं तुमचं खरं आहे. चूक आमची. पहिल्याच दिवशी तुम्ही सांगितलं होतं, “रिकामी सीट हलते, मी बसलो की हलत नाही.” रोग तिथंच कळायला हवा होता. वजन आलं की मोटर जास्त करंट ओढते, म्हणजे वाटेतला एखादा जोड कच्चा आहे का ते आधी बघायचं होतं. आमच्या पोरानं फ्यूज बघितला, चांगला निघाला. सीटखालच्या कपलरला (वायरी जोडायच्या प्लगला) मीटर लावला, १२.४ व्होल्ट आले. सप्लाय आहे आणि मोटर फिरत नाही, म्हणजे स्विचच गेला, असं म्हणून तो मोकळा झाला, आणि मीही जॉबकार्डावर सही केली. पण ते १२.४ लोड नसतानाचे, म्हणजे मोटर करंट ओढत नसतानाचे होते. तोटी बंद ठेवून नळाला जोर किती आहे ते सांगण्यातला प्रकार.

मग नऊ दिवस सीट चालली कशी? स्विच बदलताना कपलर काढून परत बसवला, पिना घासल्या गेल्या, तेवढ्यापुरता कॉन्टॅक्ट आला. नव्या स्विचचं त्यात काहीच नाही.

दुसऱ्या खेपेला मी स्वतः बसलो. बटण दाबून धरलं तर १२.४ चे ८ व्होल्ट झाले. मीटरची एक पिन अर्थच्या वायरला (करंट बॉडीतून बॅटरीकडं परत जायची वाट), दुसरी बॉडीला लावून परत बटण दाबलं, तर तिथंच साडेतीन व्होल्ट खाल्ले जात होते. तिथं अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको, म्हणजे रोग अर्थच्या जोडात होता.

दिवसभर लागला, त्याबद्दल मात्र मी माफी मागणार नाही. सीट पार मागं जाऊन अडकलेली, त्यामुळं मागचे बोल्ट झाकलेले. वेगळ्या बॅटरीवरनं मोटरला थेट करंट देऊन सीट पुढं घेतली (मोटर चांगली आहे हे तेव्हाच कळलं). त्याच सीटमध्ये साइड एअरबॅग आहे, त्याचा पिवळा कपलर खालीच असतो. गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह काढून थोडा वेळ थांबल्याशिवाय त्याला हात लावत नाहीत. घाई करणारे लोक आहेत, मी त्यातला नाही. मग कार्पेट उचलून अर्थचा बोल्ट घासला, वायरच्या टोकाला नवीन थिंबल (बोल्टात बसणारी कडी) दाबून बसवलं, हिरव्या पडलेल्या दोन पिना बदलल्या.

राहिलं पुराचं. ‘पुरातली गाडी’ असं मी म्हणालो नाही. तुम्हाला बोलावून पिना दाखवल्या, सीट सरकते त्या रेलच्या टोकाला साचलेला बारीक गाळ दाखवला आणि गाडी कुठून घेतली एवढंच विचारलं. सांगलीत गॅरेज चालवणारा माणूस ते विचारणारच. २०१९ ला आणि परत २०२१ ला कृष्णा गावात शिरली, त्यानंतर सीटखालचे कपलर धुण्यातच आमचे कित्येक महिने गेले. एसीचा ड्रेन चोंदला तरी कार्पेट भिजतं, पण ते पाणी बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूला उतरतं आणि त्यात गाळ नसतो. तरी चारचौघांसमोर विचारायला नको होतं. तेवढं चुकलंच.

आता पैशाचं. स्विचचे ३,८०० मजुरीसकट परत देतो. इलेक्ट्रिकचा पार्ट दुकानदार परत घेत नाही, तो तोटा माझा. १,१०० मात्र कामाचे आहेत, ते राहतील. कुठल्याही दिवशी सकाळी या, अर्ध्या तासाचं काम आहे. तुमचा जुना स्विच चांगला आहे, तोच परत बसवू. डिकीत स्टेपनीशेजारी खोक्यात ठेवलाय, तेवढा टाकून देऊ नका.