आलंच की!

हाफ मॅरेथॉनमध्ये पळणारे घाम गाळतात आणि बघणारे थापा मारतात. घाम किती यायचा ते हवेवर ठरतं. थापांचा पुरवठा मात्र कुठल्याही शहरात, कुठल्याही ऋतूत मुबलक असतो. "थोडंच राहिलंय!" "हे काय, आलंच!" "वळलात की संपलं!" इतक्या प्रेमानं आणि इतक्या ठामपणे खोटे आकडे सांगणारी माणसं मला एरवी फक्त फ्लॅटचा ताबा कधी मिळणार हे विचारायला गेल्यावर भेटली आहेत.

पहिली थाप अर्थात आमच्या ग्रुपातलीच. मी बँकेत बसून काम करते. वजन आणि साखर दोन्ही एकदम वर निघाल्यावर डॉक्टर म्हणाले, "रोज चाला." म्हणून वेताळ टेकडीवर जायला लागले. तिथं भेटलेली माणसं चालणारी वाटली होती, ती पळणारी निघाली. पळणारी माणसं नुसती पळत नाहीत, भरतीही करतात. मला दहा किलोमीटर कसेबसे जमायला लागले तेव्हा ग्रुपचे म्होरके म्हणाले, "मॅडम, हाफ म्हणजे काही नाही. दहा अधिक दहा. वरचं एक किलोमीटर तर टाळ्यांवरच निघतं."

वरचं एक किलोमीटर नसतं. वर एक किलोमीटर आणि साडेसत्त्याण्णव मीटर असतात. १९०८ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन निघाली विंडसरच्या राजवाड्यातून आणि संपली स्टेडियममध्ये, राजघराणं बसलं होतं तिथं समोर. ते अंतर भरलं ४२.१९५ किलोमीटर. १९२१ साली तेच कायम झालं आणि त्याचं निम्मं, २१.०९७५, आमच्या वाट्याला आलं. इंग्रजांच्या राणीला खुर्चीतून उठावं लागू नये म्हणून शंभरेक वर्षांनी सिंहगड रोडवर माझ्या पोटरीत गोळा येतो. साम्राज्य गेलं, साडेसत्त्याण्णव मीटर राहिले.

दुसऱ्या प्रकारची थाप रूटबद्दल असते आणि तिच्यासाठी साताऱ्याला जावं. २०१२ साली सुरू झालेली तिथली हिल हाफ मॅरेथॉन पळणाऱ्यांत फार मानाची. २०१५ साली एकाच डोंगरावर सगळ्यात जास्त माणसं पळाल्याचा गिनेस विक्रमही तिच्या नावावर लागला. म्हणजे एवढी माणसं एकाच डोंगरावर एकाच वेळी पस्तावल्याचा हा अधिकृत पुरावा. "घाट आहे, पण हलका आहे," असं मला सांगण्यात आलं होतं. शिवाय "कासची फुलं बघशील." कास तिथून बरंच पुढं आहे. आपण यवतेश्वरचा घाट चढायचा, पठारावर थोडं पळायचं आणि आल्या वाटेनं परत फिरायचं. फुलं मी दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी स्टेटसवर पाहिली.

पोलीस परेड ग्राउंडवरून निघालं की शहर जागंच असतं. ढोल, लेझीम, शाळेच्या गणवेशातली पोरं, ओट्यावर शाल गुंडाळून बसलेल्या आज्या. एका मॅरेथॉनसाठी अख्खं गाव लग्नघर झालेलं मी इतरत्र पाहिलेलं नाही. समर्थ मंदिर मागं पडलं की चढ सुरू होतो आणि त्याच्याबरोबर सातारी थाप. पहिल्या वळणावर एक मावशी उभ्या होत्या.

"मावशी, चढ किती राहिला?"

"ह्ये काय, आलंच की! ह्यो वळसा झाला की वरच."

वळसा झाला. वर दुसरा वळसा होता आणि तिथं एक काका. "आलंच की!" तिसऱ्या वळणावर दोन कॉलेजची पोरं. "काकू, आलंच की!" आयोजकांनी पाणी आणि वैद्यकीय मदत यांच्याबरोबर प्रत्येक वळणावर एकेक आलंच-की नेमला असावा, असा माझा संशय आहे. धुकं इतकं होतं की खरंखोटं तपासायची सोयच नव्हती. शेवटी मी चालायला लागले. बांधावर बसलेले एक आजोबा माझ्याकडं बराच वेळ बघत होते. ते म्हणाले, "आमच्या जिल्ह्यातली ललिता बाबर रिओला फायनल पळाली. आन् तुम्ही चालताय व्हय?"

ललिता बाबर माण तालुक्यातल्या आणि २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, अंतिम फेरी पळालेल्या. मी पुण्यातल्या सहकारी बँकेच्या ठेव विभागातली. पण एवढं सांगायला दम लागतो आणि तो नव्हता, त्यामुळं पळाले.

उतार सोपा असतो, ही थाप मी सगळ्यात वाईट मानते, कारण ती शिकलीसवरलेली माणसं मारतात. उताराला फुप्फुसं सुखात असतात, म्हणून पाय फसतात. प्रत्येक पावलाला मांड्या ब्रेक लावतात आणि अंगठे बुटाच्या टोकावर आपटतात. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख दिवाळीपर्यंत काळं होतं. घाटाच्या पायथ्याशी त्याच मावशी अजून उभ्या होत्या. मला ओळखून म्हणाल्या, "बगा, म्हनलं नव्हतं का?"

मुंबईची मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे संक्रांतीच्या आगेमागेच. कार्ब लोडिंगच्या, म्हणजे शर्यतीआधी पिष्टमय पदार्थ भरपूर खायच्या, नावाखाली गुळपोळ्या खायची ही वर्षातली एकमेव अधिकृत संधी, त्यामुळं तयारी जोरात होते. पहाटेची लोकल पकडून माहीमला पोचायचं. त्या डब्यात एरवी सीटवरून भांडणं होतात. त्या दिवशी सगळे एकमेकांना पेट्रोलियम जेली देत असतात. माहीमला अंधारात पहिली शर्यत फिरत्या शौचालयाची. "लाइन पटापट सरकतेय," हे पुढचा सांगतो. ती सरकत नाही. माझ्या पुढच्या गृहस्थांनी तर तिथंच वॉर्मअप, स्ट्रेचिंग आणि बायकोला व्हिडिओ कॉल उरकला.

नंतर पेसरच्या मागं लागायचं. पेसर म्हणजे पाठीवर वेळेची पाटी लावून ठरलेल्या वेगानं पळणारा माणूस आणि त्याच्यामागचा घोळका म्हणजे बस. मी अडीच तासांची बस धरली होती. "आराम से चल रहे हैं अपन, गप्पा मारत," असं तो म्हणत होता. गप्पा तो एकटाच मारत होता.

मग सी-लिंक. साडेपाच किलोमीटरहून थोडा लांब, आणि एरवी पायी माणसाला मज्जाव. त्यामुळं तिथं प्रेक्षक नसतात. अंधारातला समुद्र, दिवे, हजारो बुटांची थपथप आणि कुणाच्या तरी फोनवर बारीक आवाजात चाललेला हरिपाठाचा अभंग. फार सुंदर आहे हो ते सगळं, फोटो काढण्याइतकं. पण थाप मारायला एक माणूस नाही! किती राहिलं ते फक्त पाटीवर लिहिलेलं आणि पाटी खरं सांगते. दोन पाट्यांमध्ये किती जीव जातो, हे मला तिथं कळलं. वरळीला उतरले आणि पहिल्याच बाईंनी संत्र्याची फोड पुढं करून "बस, खत्म हो गया!" म्हटलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. निम्म्याहून जास्त बाकी होतं.

मुंबईकर थापेबरोबर खायला देतात, हे मान्य केलं पाहिजे. बिस्किटं, चिक्की, मिठाची चिमूट, केळ्याचे तुकडे. लहान मुलं हात पुढं करून टाळी मागतात आणि टाळी दिली की ओरडतात, "आंटी जिंकणार!" पेडर रोडच्या चढावर एका सोसायटीतून बँड लावला होता. तिथले एक वृद्ध सद्गृहस्थ कडक इस्त्रीच्या सफारीत उभे राहून प्रत्येकाला वाकून सांगत होते, "लास्ट क्लाइम्ब, मॅडम. आफ्टर दॅट ओन्ली डाउनहिल." चढ शेवटचा होता, एवढं खरं. पण पुढं उतार जेमतेम चौपाटीपर्यंत, आणि मग मरीन ड्राइव्ह.

मरीन ड्राइव्हवर माणसांनी थाप मारायची गरजच नाही, रस्ताच मारतो. चौपाटीवर पाय टाकला की नरिमन पॉइंटच्या इमारती समोर दिसतात. अगदी स्पष्ट. खिडक्या मोजता येतात. पंधरा मिनिटं पळून झाल्यावर तेवढ्याच लांब दिसतात, फक्त आता डोक्यावर ऊन असतं. त्यातच समोरून पोलिसांच्या मोटारसायकली आल्या आणि त्यांच्यामागून पूर्ण मॅरेथॉन पळणारे केनिया-इथिओपियाचे धावपटू. पायांचा आवाज नाही, चेहऱ्यावर काही नाही. जगातले सगळ्यात वेगवान लोक हाफ ५७ मिनिटांच्या आसपास संपवतात. ५७ व्या मिनिटाला मी सी-लिंकवर त्या पाट्या वाचत होते.

फोटोग्राफर दिसला की मात्र मी पळते. तो दिसेपर्यंत चालते, त्याला ओलांडलं की पुन्हा चालते. माझ्या सगळ्या फोटोंत मी हसत, हवेत तरंगत पळताना दिसते आणि आजूबाजूची माणसंही. यात आमची सगळ्यांची मिलीभगत असते.

आता घड्याळाचं. मनगटावर एकवीस पूर्णांक एक झाले, घड्याळानं फुलबाजी उडवून अभिनंदन केलं, आणि फिनिशची कमान कुठंच नाही. रूट मोजतात तो सगळ्यात जवळच्या रेषेनं, वळणाच्या आतल्या कडेनं. मी पाण्याच्या प्रत्येक टेबलाकडं, प्रत्येक संत्र्याकडं आणि प्रत्येक टाळीकडं आडवी गेलेली. ते सगळं घड्याळ मोजतं, आयोजक मोजत नाहीत. दोघंही खरं बोलत असताना मध्ये आपण उन्हात उभे, असा हा प्रकार.

"मी फिनिशलाच उभा आहे," असा नवऱ्याचा मेसेज होता. मेडल गळ्यात घालून, केळं खाऊन, तीन वेळा फोन केल्यावर तो फोर्टातल्या एका इराण्याकडं सापडला. समोर बन मस्क्याची रिकामी बशी. "तुझ्यासाठी जागा धरून बसलोय," म्हणाला.

आणि पुणे. डिसेंबरातली, १९८३ पासूनची आमची घरची मॅरेथॉन. सणस मैदानाहून निघून सिंहगड रोडनं नांदेड सिटीकडं जायचं आणि परत. गारठा छान, रस्ता ओळखीचा, थापा मारणारेही ओळखीचे असतील या भरवशावर मी होते. परतीच्या वाटेवर पाण्याच्या टेबलापाशी एक काका उभे होते. कानटोपी, हाफ स्वेटर, हातात दुधाच्या पिशव्या. मी सवयीनं विचारलं, "काका, किती राहिलं?"

काकांनी घड्याळ पाहिलं. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाले, "पाच किलोमीटर सहाशे मीटर. तुमच्या या वेगानं पाऊण तास. मध्ये चाललात तर तासाच्या वर जाईल, आणि तुम्ही चालणार." मग पाटीकडं बोट करून, "आणि ही पाटी चुकलीय. ती पुढच्या खांबावर पाहिजे. मी रोज चालतो, मला माहितीय. कुणाला सांगायचं ते सांगा."

मी तिथंच फुटपाथवर बसले. साताऱ्याच्या घाटात बसले नाही, पेडर रोडला बसले नाही. खऱ्या आकड्यानं बसवलं. काकांनी आपुलकीनं एक दुधाची पिशवी माझ्या गुडघ्यावर धरली, गार होती म्हणून. "मागून अँब्युलन्स येतेय, हवी असेल तर थांबवतो," हेही म्हणाले. माणूस वाईट नव्हताच. पण पाण्याच्या टेबलापासून शंभर मीटरच्या आत सत्य बोलायला बंदी हवी, असं माझं आयोजकांना सांगणं आहे.

मला उठवलं ते पाचेक वर्षांच्या एका पोरीनं. आईच्या कडेवरून तिनं हात हलवला आणि म्हणाली, "काकू, संपलं!" मी उठले.

घरी आल्यावर आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दरवेळी एकच प्रश्न विचारतात.

"कितवी आलीस?"

"आई, तसं नसतं. आपण आपल्याशी स्पर्धा करायची असते."

"बरं. मग कितवी आलीस?"

मी माझा चार आकडी क्रमांक सांगते. त्या थोडा वेळ गप्प बसतात आणि म्हणतात, "एवढ्या लोकांना पुढं जाऊ दिलंस?" मेडल त्या देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला टांगतात, पण पाहुणे आले की त्यावर नॅपकिन टाकतात.

टी-शर्टचं मात्र त्यांना वावडं नाही. प्रत्येक मॅरेथॉनचा एक, कधी दोन. कपाटात ढीग झालाय. कापड हलकं, लगेच वाळतं, इस्त्री लागत नाही, म्हणून गेल्या हिवाळ्यापासून साडीवर स्वेटरच्या आत त्या तोच घालतात. पाठीवर मोठ्या अक्षरांत 'फिनिशर'. परवा देवळातून येताना ऊन तापलं म्हणून त्यांनी स्वेटर काढून हातात घेतला, आणि मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते म्हणून मला पुढचं ऐकू आलं.

खाली वॉचमन विचारत होता, "आजी, तुम्ही पण पळालात मॅरेथॉनला? कितव्या आलात?"

"तिसरी," आई म्हणाल्या. "गुडघा धरला होता रे. नाहीतर पहिलीच होते."