दुतोंड्या मारुतीपुढून गेलेला गाळ जातो कुठे?

नमस्कार. समुद्राच्या तळावर सगळीकडे सूक्ष्मजीवांच्या कवचांचा चुन्याचाच गाळ आहे, असं मी लिहिलं होतं. त्यावर ‘दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागतं तेव्हा होळकर पुलावर या, मग समुद्राचा तळ कशाने भरलाय ते कळेल. म्हणे शिंपल्यांची भुकटी!’ असं तुम्ही लिहिलंत. (दुतोंड्या मारुती म्हणजे नाशिकला गोदावरीतली मूर्ती, पूर किती चढला ते तिच्यावरून ठरवतात.) पुलावर मीही दर पावसाळ्यात उभा असतो. तो चहाच्या रंगाचा लोंढा बघून मलाही पूर्वी तसंच वाटायचं.

वजनात तोललं तर तुमचंच बरोबर, नद्यांचा गाळ भारी. मी बोलत होतो ते क्षेत्रफळाबद्दल. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ बसतो ना? खारं पाणी नदीच्या मुखाशी तेच करतं. मातीचे कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि बहुतेक किनाऱ्यालगतच बसतात. आपल्या गोदेचा बराच गाळ तर त्याआधी जायकवाडीतच अडकतो. तुमच्या बाजूचा अपवाद मीच सांगतो: गंगा-ब्रह्मपुत्रेचा गाळ समुद्राखालच्या घळींतून घसरत पार श्रीलंकेच्या दक्षिणेपर्यंत, सुमारे ३००० किमी पसरलाय.

दूर समुद्रात मात्र वरून पडतात ती फोरॅमिनिफेरा, कोकोलिथोफोर अशा सूक्ष्मजीवांची चुन्याची कवचं. खोल तळाचा जवळपास निम्मा भाग त्यांनी व्यापलाय. यातली बारीक कवचं एकेकटी खाली जायला वर्षानुवर्षं लागतील. पण ती खाणाऱ्या जिवांच्या विष्ठेच्या गोळ्यांत बांधली गेली की काही आठवड्यांत पोचतात. (शेणाने अंगण सारवणाऱ्यांना यात नवल वाटू नये.)

एक चूक कबूल. ‘सगळीकडे चुन्याचाच गाळ’ हे माझं वाक्य साफ चुकलं होतं, दुरुस्त केलंय. साधारण ४ ते ५ किमीच्या खाली थंडी आणि दाबामुळे चुना विरघळतो. तिथे उरते वाऱ्याने आणलेली धूळ, ज्वालामुखीची राख, चिमूटभर उल्काधूळ. हजार वर्षांत जेमतेम मिलिमीटरभर. अंटार्क्टिकाभोवती पुन्हा वेगळंच, तिथे डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांची, काचेसारख्या सिलिकाची कवचं.

राहिला ‘नाशिककराला समुद्राचं काय’ हा टोमणा. गोदावरीच्या मुखापुढे बंगालच्या उपसागराचा तळ भेदून काढलेल्या गाळात आपल्या काळ्या पाषाणाची माती वेगळी ओळखता येते. गेल्या सुमारे ४००० वर्षांत तिचा वाटा वाढलाय. पाऊस घटला, झाडी विरळ झाली, शेती पसरली, आणि पठारावरची माती वाहून जायला लागली, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. तुम्ही पुलावरून बघता त्या लोंढ्यातली माती तेव्हापासून वाढत आलीय.