‘सहा तास सांगितले, साडेतीनच चालली’ : दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय, की आम्ही सहा तास सांगितले आणि इन्व्हर्टरची 150 एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप) बॅटरी साडेतीन तासांतच बसली. शेजाऱ्यांची 100 एएच लिथियमही तेवढीच चालते, म्हणजे आम्ही जुना माल गळ्यात मारला. बिलाचा फोटोही टाकलाय. बिलामागे पेनाने लिहिलेलं 150 × 12 = 1800, 1800 ÷ 300 = 6 हे गणित (12 म्हणजे बॅटरीचे व्होल्ट, 300 म्हणजे तुमच्या घरचा वॅटमधला लोड) आमच्याच काउंटरवरचं आहे. ते चुकीचं आहे आणि जबाबदारी माझी आहे. भर मे महिन्यात सासूबाईंना अडीच तास पंख्याविना काढावे लागले, याचं मनापासून वाईट वाटतं.

बॅटरी मात्र जुनी नाही. काल ढोकाळीला तुमच्या घरी आलो तेव्हा तुमच्यासमोर सहाही सेलमध्ये हायड्रोमीटर (आतल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी) घातला, सगळीकडे 1240 च्या आसपास, म्हणजे चांगल्या भरलेल्या बॅटरीइतकं. एखादा सेल गेलेला असता तर तिथेच कळलं असतं.

मग अडीच तास गेले कुठे? 150 एएच हा आकडा बॅटरी वीस तासांत सावकाश रिकामी केली तरचा, म्हणजे साडेसात अँपिअरने. तुमचे दोन पंखे, टीव्ही, चार एलईडी ट्यूब आणि वायफाय मिळून 300 वॅट होतात. इन्व्हर्टर स्वतः पंधरा-वीस टक्के खातो. म्हणून बॅटरीच्या वायरला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावल्यावर आपल्याला 30 अँपिअर दिसले, थेट चौपट. पाण्याची बॅटरी इतक्या जोरात ओढली की छापील क्षमतेच्या सत्तर-पंचाहत्तर टक्केच देते. 1800 चे राहिले साधारण 1300, त्यातून इन्व्हर्टरचा वाटा गेला की पंख्या-दिव्यांपर्यंत पोचतात 1060 च्या आसपास. त्याला 300 ने भागा, साडेतीन तास येतात. हेच गणित विकतानाच तुमच्यासमोर मांडायला हवं होतं.

लिथियम जोरात ओढली तरी फारशी घटत नाही आणि नव्वद टक्क्यांपर्यंत वापरता येते. तिचे 12.8 व्होल्ट गुणिले 100 म्हणजे 1280, वजावट करून हजाराच्या आसपास. म्हणून शेजाऱ्यांची 100 तुमच्या 150 च्या बरोबरीला येते.

तुमचे पंखे जुने, 75 वॅटचे आहेत. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, 30 वॅटच्या आसपास घेतो. दोन्ही बदलले तर लोड 210 वर येईल आणि हीच बॅटरी पाच तासांच्या वर जाईल. सहा तास मी आता सांगणार नाही. आणि एकदा रिकामी झाली की पूर्ण भरायला दहा-बारा तास लागतात, त्याच संध्याकाळी परत लाईट गेली तर कमीच चालेल.

काल तोंडी बोललो ते इथेही लिहून देतो. बॅटरी नको असेल तर जीएसटीसकट पूर्ण रक्कम परत, न्यायला आमचाच माणूस येईल. ठेवायची असेल तर दोन्ही पंखे माझ्या खरेदीच्या दरात, लावायचे पैसे नाहीत. निर्णय घरी बोलून सावकाश घ्या.

काउंटरवर आता आधी लोड लिहितो, मग वजावट करून तास. फेब्रुवारीपासूनची इन्व्हर्टरची बिलं बाहेर काढली आहेत. ज्यांना असंच गणित लिहून दिलं असेल, त्यांना एकेक करून मीच फोन करतोय.